आर्वेलाबाईंच्या टबातल्या सात जणी

आर्वेला कॉर्नेगे या बाईच्या बाथरूममध्ये, आंघोळीच्या टबात, गावातल्या सात मेलेल्या बायकांची राख ठेवलेली आहे. सात वेगवेगळ्या भांड्यांत, प्रत्येक भांड्यावर नावाची पट्टी चिकटवून. असं आमच्या स्वीटगम गावात बोललं जातं. राख अजून गरम आहे, असंही काही जण सांगतात.

हे साफ खोटं आहे. राख नाही. डुकराचा खांदा आहे. गरम आहे, एवढं मात्र खरं.

या बातमीचा जनक रुडेल बास, आमचा प्लंबर. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आर्वेलाबाईंच्या स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलं. रुडेल बाथरूममधला नळ बंद करायला आत गेला आणि अवजारांची पेटी तिथंच टाकून बाहेर पळाला. पेटी अजून त्यांच्याकडेच आहे. रुडेलकडून ही गोष्ट काढायला कष्ट पडत नाहीत. त्याच्यासमोर नुसतं 'टब' म्हणायचं. लगेच आवाज खाली, डोळे वर:

"देवाशप्पथ सांगतो, मी पडदा बाजूला केला. तर काय! ओळीनं! एक, दोन, तीन, सात! प्रत्येकीतून वाफ! आणि नावं! मोझेल पोप. आयव्हा डेल स्ट्रिकलंड. अरे, मोझेलकाकूंची शवपेटी मी स्वतः उचलली होती! सहा जणांत उजवीकडून दुसरा!"

"झाकण उघडून बघितलंस का?"

"तू बघितलं असतंस?"

इथं कोणी 'हो' म्हणत नाही. म्हणून गोष्ट टिकली.

आता नावांचं. आमच्या चर्चमध्ये जेवण असलं की प्रत्येक बाई आपलं भांडं घेऊन येते आणि भांड्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहिते. नाहीतर जेवणानंतर कोणाची काचेची डिश कोणाच्या गाडीत जाईल याचा नेम नाही, आणि त्यावरून दोन घराण्यांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. बाई गेली की तिची मुलं घरातलं सामान अंगणात मांडून विकायला काढतात. रजया जातात, कपबश्या जातात, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारा विजेचा स्लो कुकर तेवढा उरतो. मग आर्वेलाबाई येतात, कुकर काखेत मारतात आणि जातात. पट्टी कधीच काढत नाहीत.

"का काढू?" त्या मला म्हणाल्या होत्या. "मोझेल डाव्या बाजूनं जास्त तापते. आयव्हा डेलला आधी तासभर जोरावर ठेवावं लागतं, नाहीतर ती उठतच नाही. पट्टी काढली तर कोणाशी कसं वागायचं ते कळणार कसं?"

आर्वेलाबाईंनी चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत, पण केसांवरची जाळी अजून उतरलेली नाही आणि आवाजही. "पुढे सरका, पुढे सरका, ताट दोन्ही हातांनी!" हे त्या अजून म्हणतात. रांग कसली आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. बँकेत म्हणतात. मयताच्या दर्शनाला म्हणतात. एकदा बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात उतरणाऱ्यांनाही म्हणाल्या, आणि सगळे निमूटपणे पुढे सरकले.

त्यांचे यजमान लमारकाका हे याच्या अगदी उलट. त्यांची नक्कल करणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात अवघड, कारण ते फक्त "हं" म्हणतात. पण त्यात नऊ प्रकार आहेत. खालच्या पट्टीतला "हं" म्हणजे पाऊस येणार. नाकातला "हं" म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय. आणि छातीतून आलेला, लांब, शेवटी वर जाणारा "हं" फक्त भट्टीशी बोलताना येतो.

लमारकाका आमच्या चर्चच्या भट्टीचे मालक. म्हणजे विटांची भट्टी, पत्र्याचं झाकण, वरचं छप्पर हे सगळं चर्चचं. फावडं त्यांचं. दर ऑक्टोबरात परगावी गेलेली माणसं चर्चला परत येतात, त्या रविवारी अख्खं डुक्कर ओकच्या निखाऱ्यांवर रात्रभर भाजायचं, दुपारी ते बारीक करून व्हिनेगर-मिरचीत घोळवायचं आणि दीडशे माणसांना वाढायचं, हे काम एकोणचाळीस वर्षं त्यांचं. आमच्याकडे अख्खं डुक्कर, खरं लाकूड आणि व्हिनेगर, याला बार्बेक्यू म्हणतात. राज्याच्या पश्चिमेकडची माणसं त्यात टोमॅटो घालतात. त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. स्लो कुकर हा घेवड्याच्या उसळीसाठी आणि आजारी माणसांच्या सूपासाठी. त्यात बार्बेक्यू करणं म्हणजे पैलवानानं आखाड्यात शिडी घेऊन येणं.

आणि एक नियम फार जुना आहे. दुसऱ्याच्या भट्टीत डोकवायचं नाही. झाकण उघडलं की आच जाते, हे एक कारण. पण खरं कारण असं की ते असभ्य आहे. माणसाच्या पत्राच्या पेटीत, औषधांच्या कपाटात आणि भट्टीत बघू नये. भट्टीभोवती दहा जण खुर्च्या टाकून गप्पा मारत बसतील, पण झाकणाकडे मान वळवणार नाहीत.

चार वर्षांपूर्वी सप्टेंबरात लमारकाका डुक्कर उचलायचा सराव म्हणून खताचं पोतं उचलायला गेले आणि तिथंच बसले. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे दुधाच्या बाटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि आमची रीत अशी की ज्याला डुक्कर उचलवत नाही त्यानं त्या रविवारी सगळ्यांसमोर फावडं पुढच्याच्या हातात द्यायचं. पुढचा कोण, हे ठरलेलं होतं. ड्युइट टार्ट. तो तेव्हाच अठरा वर्षं वाट पाहत होता आणि दर वर्षी लमारकाकांना विचारायचा, "तब्येत कशी आहे, ब्रदर लमार? पाठ? गुडघे? नाही, सहज विचारलं."

लमारकाका तीन आठवडे फ्रिजकडे तोंड करून बसले.

"नुसते बसले असते तर चाललं असतं," आर्वेलाबाई सांगतात. "पण फ्रिज उघडायचा तर त्यांना उठवावं लागे. उठवलं की म्हणायचे 'हं'. तो 'हं' मी बेचाळीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, हे फावडं गेलं तर हा माणूस जाईल. नाहीतर इथंच राहील, त्याहून वाईट."

म्हणून त्यांनी अंगणातल्या विक्रीतून आणलेल्या चौदा जणींना कामाला लावलं.

हे सगळं मला यंदा कळलं. मी शेजारची. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक पेकानचं, म्हणजे अक्रोडाच्या जातीतलं, झाड आहे, बाकी काही नाही. भट्टीच्या त्या रविवारच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी, आईनं मला त्यांची काचेची डिश परत द्यायला पाठवलं. दार उघडताच व्हिनेगरचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला वाटलं, हीच वेळ.

"मिस आर्वेला, तुमचं बाथरूम वापरू का?" मी विचारलं. आमच्याकडे मोठ्या बाईला लग्न झालं तरी 'मिस'च म्हणतात.

"तुझ्या घरी बाथरूम नाही?"

"घाई आहे."

"चाळीस पावलं आहेत, मार्ली. धावलीस तर वीस."

"मिस आर्वेला, खरंच!"

तेवढ्यात आतून काहीतरी 'टक्' झालं, सगळ्या घरातले दिवे गेले आणि त्या "परत आयव्हा डेल!" असं ओरडत फ्यूजच्या पेटीकडे धावल्या. मी पडद्याकडे.

टब कोरडा होता. त्यात फळी टाकून सात कुकर ओळीनं बसवले होते, कपडे धुवायच्या खोलीतून वायर ओढून. दिवे परत आले आणि मोझेल पोप बुडबुडायला लागली. कांद्याचा वास आला. मिरीचा, व्हिनेगरचा. मी झाकणाला हात घातला आणि मनगटावर लाकडी चमचा बसला.

"झाकण उघडलंस की अर्धा तास वाढला!"

"हे लमारकाकांचं वाक्य आहे!" मी म्हटलं. "भट्टीजवळ ते एवढं एकच वाक्य बोलतात."

"त्यांना शिकवलं कोणी?" आर्वेलाबाई म्हणाल्या आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर बसल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना ओळखते तशा त्याही मला ओळखतात. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, आणि बाहेर येते ती आवाजांसकट.

मग त्यांनी सांगितलं. आदल्या शनिवारी रंगीत तालीम, सात जणींवर. खऱ्या शनिवारी चौदा. सात टबात, तीन पलंगाखाली, दोन कपडे धुवायच्या खोलीत, एक शिवणाच्या मशीनवर आणि एक, ओपल जर्निगनचा, गॅरेजमध्ये, कारण तो शिट्टी वाजवतो. डुकराचे खांदे दोन परगणे पलीकडच्या दुकानातून, डोक्याला रुमाल बांधून आणायचे. मीठ, मिरी, थोडी काळपट साखर चोळायची. खाली कांद्याच्या चकत्या, वर खांदा, बाजूनं व्हिनेगर, अंगावर नको. मंद आचेवर दहा तास, आणि बघायचं नाही.

"कळतं कसं मग, झालं ते?"

"हाड धरायचं आणि ओढायचं. लोण्यातून सुरी निघावी तसं आलं तर झालं. ओढावं लागलं तर झाकण लावायचं आणि प्रार्थना करायची."

मग दोन काट्यांनी मांस सोडवायचं, रस गाळून वरची चरबी काढायची आणि उरलेला रस व्हिनेगर-लाल मिरचीत मिसळून मांसाला पाजायचा. थोडं मांस ओव्हनमध्ये कडा करकरीत होईपर्यंत ठेवायचं. कातडं वेगळं भाजून, कुटून आत मिसळायचं, म्हणजे खाणाऱ्याच्या दाताखाली येतं आणि तो म्हणतो, वा, भट्टी! पहाटे सगळं ट्रेमध्ये, ट्रे धुण्याच्या टोपल्यांत, वर चर्चचे टेबलक्लॉथ, आणि टोपल्या भट्टीच्या छपरामागच्या दारानं आत. चर्चचे टेबलक्लॉथ धुऊन आणणाऱ्या बाईला कोण अडवणार?

"आणि लमारकाका?"

"ते भट्टी सांभाळतात."

"भट्टीत काय असतं?"

"काही नाही."

शनिवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत लमारकाका रिकामी भट्टी सांभाळतात. डुक्कर 'आधीच चढवलेलं' असतं. दर अर्ध्या तासानं उठायचं, चहाच्या चमच्यात मावतील एवढे निखारे फावड्यावर घ्यायचे आणि खालच्या दारातून आत सरकवायचे. मधूनच खिशातला चरबीचा तुकडा निखाऱ्यावर टाकायचा. चर्र होतं. भोवतीची माणसं डोळे मिटतात. आणि वास? वास लमारकाकांच्या डांगरीचा. ती डांगरी चार वर्षांत धुतलेली नाही. ती घालून ते स्वतः वाढतात, आणि समोरचा माणूस पाव तोंडापर्यंत नेतो तोवर चार वर्षांचा धूर त्याच्या नाकात गेलेला असतो.

मागच्या वर्षी ड्युइट टार्टनं पहिला घास घेतला, जीभ टाळ्याला लावली, आणि नाकातून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, जाहीर केलं, "ओक. सत्तर टक्के. आणि, थांबा, थांबा, थोडा हिकरी. यंदा तू हिकरीचं लाकूड घातलंस, ब्रदर लमार. मला फसवतोस?"

लमारकाका म्हणाले, "हं." नाकातला.

मी टबाच्या कडेवर बसून इतकी हसले की मोझेलवर पडता पडता वाचले. कोणाला सांगणार नाही अशी शपथ म्हणून आर्वेलाबाईंनी मला बायबलवर हात ठेवायला लावला. बायबल सापडेना, म्हणून शाळेच्या पाककृतींच्या वहीवर ठेवला. त्यांच्या मते चालतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पास्टरांनी घोटाळा केला.

पास्टर ब्रॅक्स्टन लाइनबर्गर आमच्याकडे जूनमध्ये आले, पश्चिमेकडून. माणूस चांगला आहे, पण प्रत्येक शब्दाला जिना असल्यासारखा चढतो आणि वर जाऊन थोडा थांबतो. "प्रि-य-जन-हो! पुढच्या रविवारी ब्रदर लमार यांच्या सेवेला चा-ळीस वर्षं होत आहेत. मंडळीनं ठरवलं आहे, की भट्टीच्या छपराला त्यांच्या ना-वाची पाटी लागेल." सगळे आमेन म्हणाले. तिथं थांबायला हवं होतं. "आणि त्या वेळी, प्रियजनहो, आपण सगळे भट्टीभोवती जमू, झाकण उ-घडू, आणि त्या प्राण्यासाठी देवाचे आ-भार मानू!"

चर्चमध्ये अशी शांतता पसरली की पंख्याचा खटका ऐकू आला. पास्टरांना वाटलं, भक्ती. आम्हाला वाटलं, या माणसाला कोणीतरी सांगायला हवं. पण नव्या पास्टरला पहिल्या वर्षी काही सांगायचं नाही, हाही आमचा नियम आहे. आमचे नियम फार आहेत.

लमारकाका पुढच्या बाकावर होते. त्यांची मान हळूहळू कॉलरमध्ये गेली.

दुपारी आर्वेलाबाई ओसरीवर पेकान फोडत बसल्या होत्या. मी पायरीवर बसले.

"आता संपलं, मिस आर्वेला."

"काय संपलं?"

"झाकण उघडणार. आत काही नाही. पाटी गेली, फावडं गेलं. ड्युइट टार्ट भट्टीवर. लमारकाका फ्रिजसमोर."

पेकान कडकन फुटलं. "तुला काय वाटतं, मी काय करीन?"

"चोरून एखादं डुक्कर आत ठेवाल."

"कोण उचलेल? तू?"

"मग आजारी पडाल."

"मी चौतीस वर्षांत एकदा आजारी पडले. तेव्हा शाळेत मुलांना थंड मका खावा लागला. परत नाही." त्यांनी टरफलं फुंकरीनं उडवली. "मी सांगून टाकीन."

"काय?"

"खरं. सगळं. मोझेलपासून ओपलपर्यंत. सगळ्यांसमोर, मोठ्यानं."

"मग तर संपलंच!"

"आणि संध्याकाळी पाटी लमारच्याच नावाची लागलेली असेल. लाव पैज."

मी हात पुढे केला. त्यांनी धरला नाही.

"आधी काय लावतेस ते ठरव. मी हरले तर चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून अख्खी गोष्ट तू सांगायची. सगळ्यांचे आवाज काढून. माझासुद्धा. मी पुढच्या बाकावर बसून ऐकीन."

आर्वेलाबाईंचा आवाज त्यांच्यासमोर काढायची परवानगी! अशी संधी गावात कोणाला मिळालेली नाही.

"आणि मी हरले तर?"

"ईस्टरपर्यंत नक्कल बंद. माझी नाही, पास्टरची नाही, कुत्र्याची नाही."

मी हात धरला. कोणीही धरला असता. पैज जिंकलेलीच होती.

पण आठवडाभर पेकानच्या झाडाखालून मला लमारकाका दिसत होते. ते अंगणात यायचे, फावडं उचलायचे, दांडा पुसायचे, परत भिंतीला टेकवायचे. पुन्हा उचलायचे. गुरुवारी ते दांड्याला तेल लावत होते, जसं काही निरोप देण्याआधी त्याला नीटनेटकं करत होते. मला जिंकायचं होतं, पण ते बघितल्यावर थोडं कमी जिंकायचं होतं.

रविवार आला. प्रार्थना संपली आणि दीडशे माणसं रांगेनं भट्टीकडे निघाली. परगावहून आलेली मुलं, चाकाच्या खुर्चीतल्या आज्या, रुडेल बास, सगळे. छपराच्या तुळईवर पाटी होती, तिच्यावर पडदा म्हणून उशीचा अभ्रा टाकला होता. लमारकाका खुर्चीत, डांगरी अंगात, फावडं गुडघ्यांवर. धूर येत होता. पुढच्या रांगेत, अगदी झाकणाजवळ, ड्युइट टार्ट, नवा टाय लावून.

"ब्रदर लमार," पास्टर जिना चढले, "झा-कण!"

लमारकाका उठले नाहीत. त्यांनी आर्वेलाबाईंकडे बघितलं.

"पुढे सरका, पुढे सरका," आर्वेलाबाई गर्दीतून येत म्हणाल्या आणि गर्दी सरकली. हातात डाव होता. त्या भट्टीसमोर उभ्या राहिल्या.

"पास्टर, झाकण उघडण्यात अर्थ नाही. आत डुक्कर नाही. आत काही नाही. चार वर्षं काही नाही."

पंखा नव्हता, नाहीतर त्याचाही आवाज आला असता.

"लमारची पाठ गेली आहे. तुम्ही चार वर्षं जे खाताय ते मी करते. स्लो कुकरमध्ये. चौदा आहेत. सात माझ्या बाथरूममध्ये, टबात. मोझेल पोपचा, आयव्हा डेलचा, ओपलचा. खांदे दुकानातले. धूर लमारच्या कपड्यांचा. झालं. ताटं दोन्ही हातांनी धरा."

मी डोळे मिटून घेतले आणि हॉलमध्ये उभी राहून पहिलं वाक्य कोणाच्या आवाजात घ्यायचं ते ठरवायला लागले.

तेव्हा मोझेलकाकूंची सून, नेटी पोप, हुंदका देऊन म्हणाली, "बघा! बघा, बायको असावी तर अशी!"

"काय?" पास्टर म्हणाले.

"झाकण उघडू नये म्हणून! नवऱ्याच्या भट्टीची आच जाऊ नये म्हणून बिचारी चर्चच्या अंगणात खोटं बोलली! स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मी स्लो कुकरमध्ये करते! एवढी बेअब्रू करून घेतली!"

"मी खरं बोलतेय, नेटी."

"बोला, बोला," नेटी डोळे पुसत म्हणाली. "देव समजून घेईल."

"आणि माझ्या सासूबाईंचं नाव घेतलं," ती बाजूच्या बाईला सांगू लागली, "त्यांचा कुकर तर आम्ही विकला तेव्हा चालतही नव्हता."

"डाव्या बाजूनं चालतो!" आर्वेलाबाई म्हणाल्या.

रुडेल मागून ओरडला, "टबात कुकर नाहीत! मी पाहिलंय टबात काय आहे ते!" आणि त्याच्या आसपासचे चार जण टोपी काढून उभे राहिले.

शेवटी लमारकाका उठले. मी त्यांच्या तोंडून इतके शब्द एकत्र कधी ऐकले नव्हते. "ती खरं बोलतेय," ते म्हणाले. "भट्टी रिकामी आहे."

"आमेन!" कोणीतरी म्हणालं. "चाळीस वर्षं झाली आणि अहंकार बघा. शून्य!"

पास्टर एकटेच असे होते ज्यांना ऐकलेलं कळलं होतं. बिचारे पश्चिमेकडचे. "प्रियजनहो, वाद कशाला? उ-घडून बघू या की!" आणि त्यांनी झाकणाकडे हात नेला.

दीडशे माणसांनी श्वास आत घेतला. आणि ड्युइट टार्ट, बावीस वर्षं या फावड्यावर डोळा ठेवून असलेला ड्युइट टार्ट, पुढे झाला आणि त्यानं आपला पंजा झाकणाच्या मधोमध दाबून धरला.

"पास्टर," तो म्हणाला, "आमच्याकडे दुसऱ्याच्या भट्टीत बघत नाहीत."

हे म्हणून झालं, पण पंजा तिथंच राहिला. अख्खं डुक्कर भाजणाऱ्या पत्र्यावर पंजा असा ठेवला तर कातडी पत्र्यावर राहते. ड्युइटनं आपल्या हाताकडे बघितलं. हात मजेत होता. त्यानं आर्वेलाबाईंकडे बघितलं. मग लमारकाकांच्या पाठीकडे. मी त्याच्यापासून दोन हातांवर होते. सत्तर टक्के ओक आणि थोडा हिकरी, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना मला दिसलं.

"आई गं!" ड्युइट एकदम किंचाळला आणि हात झटकत नाचायला लागला. "भाजलो! पेटलाय नुसता! पाणी आणा, कोणीतरी पाणी आणा!"

तिघी बर्फ आणायला धावल्या. पास्टर दोन पावलं मागे सरले आणि बंद झाकणासमोरच आभार मानते झाले, थोडक्यात. अभ्रा ओढला. 'लमार कॉर्नेगे भट्टी, चाळीस वर्षं.' टाळ्या थांबेनात.

जेवताना ड्युइट उजव्या हाताला बर्फाची पिशवी बांधून डाव्या हातानं तिसऱ्यांदा वाढून घ्यायला आला. लमारकाकांसमोर उभा राहिला. घास घेतला. जीभ टाळ्याला लावली. सगळे थांबले, कारण दर वर्षी थांबतात.

"ओक," तो म्हणाला. "थोडा हिकरी." मग आर्वेलाबाईंकडे वळून, एवढ्या हळू की फक्त आम्हा तिघांना ऐकू गेलं, "आणि शेवटी थोडी मोझेल."

आर्वेलाबाईंनी त्याच्या ताटात न मागता आणखी एक डाव घातला. करकरीत कडांचा.

"पुढच्या वर्षी डुक्कर मी उचलीन," ड्युइट लमारकाकांना म्हणाला. "फावडं तुझंच. तू खुर्चीत बस आणि माझ्या चुका काढ."

लमारकाका म्हणाले, "हं." छातीतून, लांब, शेवटी वर जाणारा. हा आतापर्यंत फक्त भट्टीला मिळालेला होता.

संध्याकाळी मी ओसरीवर गेले. पैज हरणाऱ्यानं स्वतःच्या पायांनी जावं, असं आमच्याकडे मानतात. मोझेल, आयव्हा डेल आणि बाकीच्या कठड्यावर उलट्या वाळत पडल्या होत्या. आत लमारकाका खुर्चीतच झोपले होते, तोंड फ्रिजकडे नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं ड्युइट हात ठेवेल म्हणून?" मी विचारलं.

"नाही. मला वाटलं रुडेल बेशुद्ध पडेल आणि गडबडीत सुटू. पण ते विश्वास ठेवणार नाहीत, हे माहीत होतं. चार वर्षं त्यांनी ओकची चव घेतली, पोरी. आता ती परत कशी करतील?"

"हे कोणाला तरी सांगायलाच हवं."

"सांग की. मी तर सांगितलं." त्यांनी पेकान फोडलं. "फक्त आवाज न काढता."

लिहिण्याबद्दल काही ठरलं नव्हतं, एवढंच मी त्यांना त्या वेळी म्हणाले नाही. मी पायरीवरून उठले. आणि मागून आवाज आला, मान तिरकी, भुवई वर, शेवटचा शब्द नाकात ओढलेला, हुबेहूब माझा:

"आता संपलं, मिस आर्वेला."

मी गर्रकन वळले. आर्वेलाबाई गुडघ्यावरची टरफलं झटकत होत्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. ईस्टरला अजून पंचवीस आठवडे होते.